बंबाच्या जाळीला हळद-कुंकू

श्री. उत्तमराव झिपरू देवरे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते अग्निशमन केंद्राच्या अंगणात उकिडवे बसून, दात घासायच्या जुन्या ब्रशने होजच्या पितळी तोंडातली माती काढत होते. अंगात बनियन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मी त्यांना केंद्रावरचे सफाई कामगार समजलो आणि विचारले, "मोठे साहेब कधी येतील?"

"एवढं तोंड साफ झालं की येतील," ते म्हणाले.

मी भिंतीला टेकून वाट पाहत राहिलो. थोड्या वेळाने ते उठले, नळावर हात धुतले, आत जाऊन खाकी शर्ट चढवला, खुर्चीत बसले आणि आतून हाक मारली, "या. आले साहेब."

त्या हाकेला आज पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्यांना सारे शहर देवरे साहेब म्हणते आणि आम्ही दलातली माणसे नाना म्हणतो, ते यंदा पंच्याहत्तरी पूर्ण करीत आहेत. या गौरवग्रंथासाठी मी लिहावे असे समितीने सुचवले, तेव्हा आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली. भीतीचे कारण पुढे सांगतो.

मी पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातला. गावातल्या शाळेत शिकलो, वडिलांबरोबर शेतात राबलो आणि नगरपालिकेत फायरमनच्या जागा निघाल्याचे कोणीतरी सांगितले म्हणून अर्ज घेऊन आलो होतो. नानांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि विचारले, "पोहता येतं?"

"येतं. विहिरीत शिकलो."

"विहिरीत शिकलेला बुडत नाही, पण बढाया फार मारतो. तू मारतोस का?"

"नाही, साहेब."

"हीसुद्धा बढाईच झाली," ते म्हणाले. मग माझ्या गळ्यातल्या माळेकडे पाहून विचारले, "उपास कोणता करतोस?" मी म्हणालो, सोमवार, निरंकार. ते गंभीर झाले. "उपाशी माणूस धुरात चक्कर येऊन पडतो. मग दोघांना त्याला उचलावं लागतं आणि पेटलेल्या घराला माणूस उरत नाही. देवाला विचार, सुटीच्या दिवशी केलेला चालेल का."

मी देवाला विचारले. चालला. तेव्हापासून माझा उपास सुटीच्या वाराप्रमाणे बदलत आला आहे.

जळगाव आणि धुळे यांच्या मधल्या आमच्या या शहराला अग्निशमन दल आहे, ही गोष्ट आज कोणाला विशेष वाटत नाही. नाना नोकरीला लागले तेव्हा दल म्हणजे जकात नाक्यामागची एक पत्र्याची शेड आणि एक पेट्रोलचा बंब होता. त्याच्याही आधी बैलगाडीवर ठेवलेला हातपंप होता आणि नगरपालिकेच्या ओट्यावर टांगलेली घंटा. तो पंप नानांनी भंगारात जाऊ दिला नाही, तो आजही केंद्राच्या दारात उभा आहे. पेट्रोलचा बंब हँडल मारून सुरू करावा लागे. थंडीत तो दाद देत नसे. म्हणून शेडमधल्या चुलीवर पातेलेभर पाणी कायम गरम असे, ते इंजिनात ओतायचे. चहाचा नंबर त्यानंतर. कापडी होज वाळवायला मनोरा नव्हता, तेव्हा नाना आणि त्यांचे सोबती समोरच्या वडाच्या फांद्यांवर होज टाकत. बाजाराच्या दिवशी लोक त्याला म्हणत, "बंबाच्या आतड्या वाळत घातल्या."

आज दोन केंद्रे आहेत, तीन बंब आहेत, गल्लीबोळात शिरणारी छोटी गाडी आहे, धुरात श्वास घेता येईल अशी पाठीवरची यंत्रे आहेत. यातले पुष्कळसे नानांच्या निवृत्तीनंतर आले. पण पाया त्यांचा. दुसऱ्या केंद्राची गोष्ट तर सर्वांनी ऐकावी अशी आहे.

आमच्या शहराला रेल्वे मधोमध कापते. कापसाचे जिनिंग कारखाने, तेलगिरण्या, सरकीची गोदामे सारी रुळांच्या पलीकडे, आणि बंब अलीकडे. फाटक पडले की बंब घंटा वाजवीत उभा राहायचा आणि पलीकडे धूर चढताना दिसायचा. नानांनी अर्ज पुष्कळ केले. शेवटी एके दिवशी त्यांनी तेव्हाच्या नगराध्यक्षांना बंब पाहायला बोलावले, कौतुकाने पुढच्या सीटवर बसवले आणि दुपारच्या मालगाडीच्या वेळी फाटकावर नेऊन उभे केले. मी मागे होतो. मालगाडी गेली, मग पॅसेंजर आली, मग दुसऱ्या बाजूने एक इंजिन नुसतेच आले. नगराध्यक्ष घाम पुसत शेवटी म्हणाले, "देवरे, कळलं. आता वळवा गाडी." पलीकडच्या केंद्राचा ठराव त्यानंतरच्या सभेत आला.

बंब ही सार्वजनिक गोष्ट आहे, आणि सार्वजनिक गोष्ट आपल्या घरची आहे असे मोठ्या माणसांना वाटते. लग्नाच्या मंडपात पाणी संपले, पुढाऱ्यांच्या दौऱ्याआधी चौक धुवायचा आहे, नव्या बंगल्याच्या गच्चीवरची टाकी भरायची आहे. सगळ्यांना बंब आठवतो. नाना कोणाला नाही म्हणत नसत. एका बड्या घरच्या लग्नातून माणूस आला. "साहेब, वऱ्हाड जेवायला बसलंय, पाणी नाही. बंब पाठवा."

"पाठवतो की," नाना म्हणाले, "वर्दी द्या." आमच्याकडे आगीच्या खबरीला वर्दी म्हणतात. त्यांनी वर्दीचे रजिस्टर पुढे ओढले आणि पेन उघडले. "नाव सांगा. पत्ता सांगा. काय पेटलंय?"

"पेटलं काही नाही, साहेब."

"मग काय लिहू? नवरदेव?"

माणूस हसत परत गेला. बंब जागेवरच राहिला. नाना मात्र सायंकाळी ड्यूटी संपल्यावर स्वतःच्या सायकलवरून त्या लग्नाला गेले, आहेर देऊन आले. मनात कोणाविषयी अढी नाही आणि नियमात सूट नाही, असे ते वागणे होते.

त्यांची आणखी एक रीत होती, ती फार थोड्यांना माहीत आहे. ज्या घरी आग लागली, त्या घरी नाना आठ दिवसांनी पुन्हा जात. गणवेश न घालता. ते म्हणत, "आगीच्या दिवशी सगळा गाव असतो. आठव्या दिवशी कोणी नसतं. माणसाला तेव्हा कळतं आपलं काय काय जळालं." रेशनकार्ड, शाळेचा दाखला, सातबारा, काय काय गेले ते विचारायचे. सरकारी मदतीसाठी आमच्या दलाचा आगीचा दाखला लागतो. तो घ्यायला लोकांना कचेरीत हेलपाटे पडतात. नाना तो लिहून खिशात घालून नेत. एकदा एका म्हाताऱ्याने खिसा चाचपत विचारले, "साहेब, याले काय लागी?" नाना म्हणाले, "आबा, चहा पाजा. तेबी चूल पेटाडा तव्हय नीट देखीसन." जळालेल्या घरातला तो म्हातारा आठ दिवसांत पहिल्यांदा हसला असावा. नाना सोनगीरच्या बाजूचे. अहिराणी त्यांच्या तोंडी अशा वेळी आपोआप येई. कचेरीत त्यांची मराठी अगदी स्वच्छ असे.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहीत आहे तिच्याकडे येतो.

नानांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे वळत नाहीत आणि तळहाताची कातडी आकसलेली आहे, हे शहरात सर्वांना ठाऊक आहे. जिनिंगच्या आगीत स्वतःचा हात जाळून घेऊन त्यांनी एका वृद्धेला वाचवले, हेही सर्वांना ठाऊक आहे. त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. समितीने मला तोच शौर्याचा प्रसंग सविस्तर लिहायला सांगितले, कारण मी तेथे होतो. प्रसंग खरा आहे. पण तो हात का जळला, ते वर्तमानपत्रांत आले नव्हते, आणि माझी भीती तिथेच होती.

खंडेनवमीला आपल्याकडे जो तो आपल्या हत्यारांची पूजा करतो. आमच्या केंद्रातही बंब धुवायचे, कुऱ्हाडी, दोर, शिड्या, होज मांडायचे, हळद-कुंकू वाहायचे, झेंडूचे हार घालायचे, अशी जुनी पद्धत. मी रोजंदारीवर होतो; कायम होणाऱ्यांच्या यादीत माझे नाव लागणार होते, त्यामुळे उत्साहही फार. आमच्या गावी नवरात्र संपताना विहिरीला फुले वाहतात. पाणी हेच शेतकऱ्याचे दैवत. मला वाटले, आमचेही दैवत पाणीच, आणि ते बंबाच्या टाकीत आहे. मी शिडीने वर चढलो, टाकीचे झाकण उघडले, हात जोडले आणि झेंडूचा एक अख्खा हार आत सोडला. मग दुसऱ्या बंबावर चढलो आणि तिथेही सोडला. मला हे कोणी सांगितले नव्हते. माझ्याच श्रद्धेने सुचले. खाली सगळे उभे होते. नानांनीही पाहिले आणि हात जोडले.

टाकीच्या तळाशी, जिथून पाणी पंपात जाते, तिथे एक जाळी असते. कचरा पंपात जाऊ नये म्हणून. बस, एवढेच तिचे काम.

दसरा झाला. जिनिंगांत काटापूजन, म्हणजे वजनकाट्याची पूजा, होऊन नव्या कापसाची खरेदी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या एका जिनिंगमधून वर्दी आली. त्या जिनिंगचे नाव येथे आवश्यक नाही. आम्ही पोचलो तेव्हा शेडमधला कापूस पेटलेला होता. शेडला लागून रखवालदाराची पत्र्याची खोली होती आणि तो बाहेर उभा राहून एकच वाक्य म्हणत होता, "मनी माय मझार शे. मनी माय मझार शे." त्याची आई आत होती. तिला चालता येत नव्हते.

नानांनी होजचे तोंड हातात घेतले, मी त्यांच्या मागे होज धरला. पाण्याच्या फवाऱ्याचा आडोसा करून आम्ही दारापर्यंत गेलो आणि आत शिरलो. म्हातारी बाजेवर बसलेली होती, पदर तोंडाशी धरून. तेवढ्यात माझ्या हातातला होज ढिला पडला. भरलेला होज दांडक्यासारखा ताठ असतो. तो एकदम चिंधीसारखा मऊ झाला. पाणी बंद. मी मागे वळून ओरडलो. बाहेरून काही उत्तर आले नाही.

आच दाराकडे आली. दाराचा पत्रा तापून आत वाकू लागला. नाना म्हणाले, "तू मायले घे." मी म्हातारीला पाठीवर घेतले. नाना तिला अगदी शांतपणे म्हणाले, "माय, याना गयाले धर. डोया बंद ठेव." आणि वाकलेला पत्रा त्यांनी डाव्या हाताने बाहेर ढकलून धरला, आम्ही दोघे निघेपर्यंत. हातमोजे त्या काळी आमच्याकडे नव्हते. पत्रा किती तापला होता ते मला माहीत आहे, कारण त्याच्या खालून जाताना माझ्या कानाला चटका बसला, नुसत्या वाऱ्याने.

बाहेर आमचे चालक रशीदभाई बंबावर चढले होते. पंप चालू, टाकी अर्धी भरलेली, आणि पाणी येत नाही, हे पाहून त्यांनी झाकण उघडले आणि कपड्यांनिशी आत उतरले. कमरेएवढ्या पाण्यात बुडी मारून त्यांनी जाळीवरून हात फिरवला. मूठभर चिखल वर आला. तो चिखल नव्हता. दोन दिवस कुजलेला झेंडू होता आणि हाराचा दोरा. त्यांनी जाळी खरवडली आणि पाणी आले. रशीदभाई वर आले तेव्हा त्यांनी ती मूठ माझ्यासमोर उघडली आणि पुन्हा मिटली.

नाना जमिनीवर बसले होते. कोणीतरी दुसरा बंब बोलवा असे ओरडत होते. नाना म्हणाले, "थांबा. फोन करा. आधी त्याची टाकी रिकामी करायला सांगा. त्यातही फुलं आहेत." हात तसा भाजलेला असताना त्यांना पहिली आठवण दुसऱ्या बंबाची झाली. दुसरा बंब टाकी आणि जाळी धुऊन, पुन्हा भरून आला. कापूस गेला, शेड गेली. माणूस एकही गेला नाही.

आगीचा अहवाल लिहायचा होता. पाणी का थांबले, हे त्यात येणारच होते. कचेरीतले एक जुने बाबू, माझ्याविषयी आस्था असलेले, मला म्हणाले, "धनराज, तांत्रिक बिघाडामुळे पाण्याचा दाब कमी झाला, असं लिही. कोण विचारतंय? यादी या महिन्यात निघते आहे." मी तसे लिहिले आणि सहीसाठी कागद घेऊन दवाखान्यात गेलो.

नानांच्या सौभाग्यवती, आमच्या अक्का, उशाशी बसल्या होत्या. त्यांनी कागद वाचून दाखवला. नानांनी डोळे मिटून ऐकला.

"बिघाड कुठे होता?" त्यांनी विचारले.

मी अक्कांच्या हातातल्या कागदाकडे पाहिले.

"बंबाला तोंड नाही म्हणून त्याच्यावर ढकलतोस? उद्या मिस्त्री पंप खोलेल. नसलेला बिघाड शोधेल. आठ दिवस बंब गॅरेजला पडेल. त्या आठ दिवसांत कोणाची माय आत असली तर?"

"नाना, माझी नोकरी जाईल."

अक्कांनी माझ्याकडे पाहिले, मग खिडकीकडे.

"जाईल कदाचित," नाना म्हणाले. "मी मधे पडेन. पण कागद खरा असला तरच मला मधे पडता येईल."

मी तिथेच, औषधांच्या स्टुलावर कागद ठेवून, दुसरा अहवाल लिहिला. टाकीत फुले पडल्याने जाळी तुंबली. फुले मी सोडली. अक्कांनी तो वाचून दाखवला. मग नानांनी पेन मागितले आणि उजव्या हाताने त्याखाली लिहिले: "फुले माझ्यासमोर सोडली गेली. मी पाहिले. अडवले नाही, हात जोडले." आणि सही केली.

मी म्हणालो, "नाना, तुम्ही हे कशाला?" ते म्हणाले, "जाळी तिथे आहे हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मला वाटलं, फुलंच तर आहेत."

चौकशी झाली. नानांच्या सेवापुस्तकात ठपका नोंदला गेला. त्याच आठवड्यात शहरातल्या काही मंडळींनी त्यांचा चौकात सत्कार ठरवला होता, तो त्यांनी नाकारला. म्हणाले, "ठपका आणि शाल एकदम अंगावर घेतली की माणसाला कशाची ऊब येते ते कळत नाही." माझे नाव त्या यादीतून वगळले गेले. नाना हात बांधलेल्या अवस्थेत दोनदा नगरपालिकेच्या कचेरीत गेले आणि मुख्याधिकाऱ्यांना एवढेच म्हणाले, की चूक लिहून देणारा माणूस दलात ठेवण्यासारखा आहे. लपवणारा असता तर मीच नको म्हटलं असतं. पुढच्या यादीत माझे नाव आले. आज मी त्याच केंद्राचा प्रमुख आहे.

आठ दिवसांनी म्हणायचे तर हाताच्या दुखण्यामुळे जरा उशिरा, नाना त्या म्हातारीकडेही गेले. मला बरोबर घेऊन. तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि विचारले, "दुखस का रे, भाऊ?" नाना म्हणाले, "दुखस, माय." मला वाटले होते, ते नाही म्हणतील.

पुढच्या खंडेनवमीला केंद्रात कुजबुज होती, पूजा बंद करावी का. मी तर त्या मताचा होतो. नाना म्हणाले, "पूजा बंद नका करू. नीट करा." त्यांनी दोन्ही टाक्या आळीपाळीने रिकाम्या करवल्या, जाळ्या काढवल्या, त्याच दात घासायच्या ब्रशने घासवल्या, तबकात ठेवल्या आणि पहिले हळद-कुंकू त्यांना वाहिले. मग कोरड्या फडक्याने पुसून जाळ्या परत बसवल्या, टाक्या भरल्या, होजला पूर्ण दाब देऊन पाणी उडवून पाहिले. नारळ त्यानंतर फुटला. हार चाकांपुढे जमिनीवर. रशीदभाई पाण्याच्या फवाऱ्याकडे बघत म्हणाले, "आता झाली पूजा." त्या दिवशी मला कळले, की पाण्याचा मान म्हणजे त्याची वाट मोकळी ठेवणे. हे मला शाळेत किंवा देवळात कोणी सांगितले नव्हते.

ही रीत आमच्या केंद्रात रुजली. नाना निवृत्त झाले तरी चालू राहिली. आणि इथेच माझी दुसरी चूक आहे.

अलीकडे काही वर्षे पूजेची तयारी मी मुलांवर सोडली होती. मागच्या खंडेनवमीला मी पलीकडच्या केंद्रातून उशिरा पोचलो. पूजा मांडून झाली होती. नव्या भरतीची मुले मनापासून राबली होती. तबकात जाळी होती, आरशासारखी चकचकीत, वर हळद-कुंकू. मी विचारले, "कोणत्या बंबाची?"

"बंबाची नाही, साहेब," एकजण म्हणाला. "ही पूजेची जाळी. कपाटात असते."

"मग बंबातली?"

"ती बंबातच आहे, साहेब. ती कशाला काढायची?"

मी वर चढलो, झाकण उघडले. जाळी जागेवर होती, तिच्यावर हिरवे शेवाळ धरले होते. मी त्यांच्यावर रागावू शकलो नाही. त्यांना एवढेच माहीत होते, की आपल्याकडे जाळीची पूजा करतात. का करतात, ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगायचे मी होते. रशीदभाई आता हयात नाहीत, नाना घरी, आणि मी लाजेने इतकी वर्षे तोंड उघडले नव्हते. चूक कागदावर लिहून दिली होती, पण कागद कपाटात गेला आणि मी सुटलो, असे मी धरून चाललो होतो. त्या दिवशी टाकी रिकामी केली, जाळी काढली, सगळे पुन्हा केले. मुलांनी कारण विचारले नाही. मीही सांगितले नाही.

म्हणून समितीचे पत्र आले तेव्हा मी नानांच्या घरी गेलो. ते ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हणालो, जिनिंगच्या आगीचे खरे काय ते लिहायचे आहे, आपली परवानगी हवी.

"माझ्या गौरवाच्या पुस्तकात तुझं प्रायश्चित्त कशाला?" ते म्हणाले. "दुसरं काही लिही. फाटकाचं लिही. अक्का, चहा टाका."

मग मी त्यांना पूजेच्या जाळीची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले. "चकचकीत होती?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, आरशासारखी. ते इतके हसले की अक्का चहाचे आधण सोडून बाहेर आल्या, काय झाले म्हणून. हसणे थांबल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. वर्तमानपत्राची घडी घातली.

"शेवाळ किती होतं?"

"बोटभर, नाना."

"मग लिही," ते म्हणाले. "नावानिशी लिही. फुलं कोणी सोडली आणि कोणी पाहिली, दोन्ही लिही. आणि टाकीत रशीद उतरला हे विसरू नको. मला पुढे लोकांनी शाली दिल्या, त्याला कोणी नाही दिली."

त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे. ग्रंथ छापून आला की त्यातली ही पाने मी केंद्राच्या भिंतीवर, वर्दीच्या टेबलासमोर लावणार आहे. दरवर्षी खंडेनवमीला, जाळी काढण्याआधी, ती मोठ्याने वाचली जातील. वाचणारा मी असेन, आणि माझ्यानंतर जो कोणी असेल तो. गौरवग्रंथातल्या पानांचा असा उपयोग नानांना मान्य आहे. मी विचारून घेतले आहे.

नानांचा गुडघा हल्ली दुखतो, डोळ्याचे ऑपरेशन व्हायचे आहे, पण आवाज अजून अंगणभर पोचतो. मी रोज पूजेत त्यांच्यासाठी जे मागतो तेच येथे मागतो. ईश्वराने त्यांना अक्कांसह निरोगी, दीर्घ आयुष्य द्यावे. गुडघ्याला एवढे बळ द्यावे की वर्षातून एकदा ते केंद्रावर येऊ शकतील. आम्ही अंगणात खुर्ची टाकू. त्यांनी बसावे, तबकाकडे बघून "कोणत्या बंबाची?" असे विचारावे, आणि आमच्यापैकी ज्याला विचारतील त्याच्याकडे त्या वर्षी खरे उत्तर असावे.